'येथील क्षेम' : समुद्रापारच्या शिपायाचे पत्र आणि संपर्काचे काव्यशास्त्र

मराठी समीक्षेने पत्राकडे पाहिले ते प्रामुख्याने व्यक्तिमत्त्वाचा आरसा म्हणून. पत्र खाजगी असते म्हणून निःसंकोच असते, निःसंकोच असते म्हणून प्रामाणिक असते आणि प्रामाणिक असते म्हणून वाङ्मयीन मोलाचे ठरते, अशी ही विचाराची साखळी आहे. आनंदीबाई जोशी यांची पत्रे, साने गुरुजींची 'सुंदर पत्रे', जी. ए. कुलकर्णी यांचा पत्रव्यवहार यांच्या वाचनामागे थोड्याफार फरकाने हीच धारणा उभी आहे. लेखक एकच, वाचक एकच, आणि दोहोंमध्ये पाकिटाचा पडदा. जे पत्र या चौकटीत बसत नाही ते पत्रवाङ्मय म्हणून विचारातच घेतले जात नाही. फार तर इतिहासाचे साधन म्हणून त्याची नोंद होते. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गोदीतून समुद्रापार गेलेल्या मराठी शिपायाचे पत्र हे अशा वगळल्या गेलेल्या लेखनाचे ठळक उदाहरण आहे. ते एकाने सांगितलेले, दुसऱ्याने लिहिलेले, तिसऱ्याने तपासलेले, चौथ्याने मोठ्याने वाचून दाखवलेले आणि घरादाराने मिळून ऐकलेले असते. त्यात 'आत्माविष्कार' शोधू जाणाऱ्याच्या हाती बहुधा मायना लागतो, आणि मायना म्हणजे काही वाङ्मय नव्हे, असे समजून तो पुढे जातो. प्रस्तुत प्रश्न नेमका येथे आहे : हा मायनाच या पत्राचा आशय असेल तर?

प्रश्नाची भौतिक बाजू प्रथम ध्यानी घ्यावयास हवी. माझगावापासून बॅलार्ड इस्टेटीपर्यंत पसरलेला गोदीपट्टा १९१४ साली नुकताच वाढला होता. प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये आणि व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये सुरू झाले होते, आणि ज्याला पुढे इंदिरा डॉक हे नाव मिळाले ते अलेक्झांड्रा डॉक युद्धाच्या वर्षातच खुले झाले. माझगावात पी. ॲण्ड ओ. कंपनीची जहाज-दुरुस्तीची गोदी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून होती. एरवी उतारू आणि टपाल वाहणाऱ्या आगबोटी युद्धासाठी सैन्याच्या वाहतुकीला लावण्यात आल्या. १६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबई बंदरातून जहाजांचा जो मोठा ताफा निघाला त्याचा एक भाग पूर्व आफ्रिकेकडे वळला, तर दुसरा, पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनची सोळावी ब्रिगेड घेऊन, इराणच्या आखाताकडे गेला. या ब्रिगेडीत ११७ वी मराठा पलटण होती. तिच्या मागून १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री त्याच डिव्हिजनीच्या इतर ब्रिगेडींबरोबर बसऱ्याकडे रवाना झाली. ब्रिगेडच्या सेनापतीलाही बंद लखोट्यातले हुकूम देण्यात आले होते. ते समुद्रात गेल्यावर उघडायचे होते. 'एम्डेन' ही जर्मन युद्धनौका त्या आठवड्यांत हिंदी महासागरात फिरत होती आणि ९ नोव्हेंबर रोजी ती निकामी होईपर्यंत कोणत्याही जहाजाच्या मार्गाचा उच्चार धोक्याचा होता. म्हणजे सेनापती ज्या गावी निघाला त्या गावाचे नाव त्याला ठाऊक नव्हते; मग त्याच्या हाताखालच्या शिपायाने ते घरी कसे कळवावे?

समुद्र ओलांडणे म्हणजे काळे पाणी, आणि म्हणून शिपायाचा धर्मसंकोच, हे या विषयावर लिहिणाऱ्यांचे आवडते सूत्र आहे. ते सरसकट लावणे धोक्याचे. मराठा पलटणींत रत्नागिरी आणि कुलाबा या जिल्ह्यांतले लोक मोठ्या संख्येने होते, आणि त्यांतल्या अनेकांना मुंबईला येण्याचा मार्गच मुळी आगबोटीचा होता. साताऱ्याकडच्या, घाटावरच्या माणसाला समुद्र नवा असेल. कोकणातल्याला तो घराचा एक रस्ता होता. त्याला नवे होते ते वेगळेच. कोकणच्या बोटीला बंदरे असतात आणि त्या बंदरांची नावे घरच्यांना पाठ असतात. बोट आज कुठे असेल हे घरी बसून सांगता येते. सैन्याच्या जहाजाला असे एकही नाव सांगण्याची मुभा नव्हती. पाण्यापेक्षा या निनावी वाटेने घर आणि माणूस यांतले अंतर अधिक वाढवले.

आता मायन्याकडे वळावे. वडिलांना 'तीर्थरूप' म्हणून संबोधावे, स्वतःला 'बालके' म्हणवून शिरसाष्टांग नमस्कार लिहावा, 'विनंती विशेष' म्हणून येथील क्षेम जाणून तेथील कुशल लिहीत जावे असे कळवावे, हा ठसा पेशवेकालीन पत्रव्यवहारातून शाळेतल्या पत्रलेखनापर्यंत अखंड चालत आला. लिहिणारा मोडी जाणणारा असो की बालबोध, या ओळी त्याच्या बोटांत असत. जुन्या पत्रांत या वाक्यात एक शब्द हटकून येतो : 'तागाईत'. अमुक तिथी तागाईत येथील कुशल असे. शब्द कारकुनी वाटतो, पण त्याचा अर्थ फार सावध आहे. पत्र वाचले जाईल त्या दिवशी लिहिणारा कुशल असेलच असे तो म्हणत नाही. पत्र लिहिले त्या दिवसापर्यंत होता, एवढीच हमी तो देतो. टपाल पोचण्यास लागणारा काळ, त्या काळातली अनिश्चितता आणि त्या अनिश्चिततेचा स्वीकार हे सारे या एका शब्दात आधीपासून बसवलेले आहे. मोहिमेवर गेलेल्यांच्या आणि घरी राहिलेल्यांच्या पत्रांतूनच हा मायना घडला असल्याने त्याला युद्धाची ओळख करून द्यावी लागत नाही.

त्याहून महत्त्वाचा आहे तो 'येथील' हा शब्द. भाषाशास्त्रात ज्यांना दर्शक शब्द म्हणतात त्यांचा अर्थ बोलणाऱ्याच्या जागेवरून ठरतो. गावाहून गावाला गेलेल्या पत्रात 'येथील' म्हणजे कुठले हे वरच्या कोपऱ्यातल्या 'मुक्काम पोस्ट' या ओळीने ठरलेले असते. जहाजावरच्या पत्रात मुक्काम नाही, कारण जहाज चालते आहे. पोस्ट नाही, कारण फील्ड पोस्ट ऑफिस गावाच्या नावाने नव्हे तर क्रमांकाने ओळखले जाते. हिंदी टपाल खात्याने या सैन्यासाठी आपल्या तिकिटांवर 'आय. ई. एफ.' ही अक्षरे छापली, म्हणजे हिंदी मोहीम-सैन्य; आणि बसऱ्याकडची तुकडी 'डी' या एका अक्षराने ओळखली जाई. असा पत्ता ठाव सांगण्यासाठी नसतो, तो लपवण्यासाठी असतो. पण 'येथील क्षेम' हे शब्द मात्र जसेच्या तसे उरतात, आणि तपासनिसाला त्यांत खोडण्यासारखे काही सापडत नाही. ज्या जागेचे नाव घेता येत नाही तिचा निर्देश करणारा तेवढा एक शब्द शिपायापाशी राहतो. गावाकडे तो ऐकणाऱ्यांना 'येथे' म्हणजे कोठे हे कळत नाही. पण असे एक 'येथे' आहे आणि त्यात आपला माणूस आहे, इतके निश्चित कळते.

रोमान याकोबसन याने भाषिक व्यवहाराचे सहा घटक आणि त्यांना अनुसरून सहा कार्ये सांगितली. त्यांपैकी संपर्ककार्य, म्हणजे वाट मोकळी आहे ना आणि पलीकडे कोणी ऐकत आहे ना याची खातरजमा करणारे बोलणे, त्याने मॅलिनोव्स्कीकडून घेतले. १९६० च्या त्या निबंधापासून आजतागायत हे कार्य भाषेच्या कुळातले गरीब भावंड समजले जाते. टेलिफोनवरचे 'हॅलो', ओळखीच्याला रस्त्यात विचारलेले 'काय, बरे आहे ना?', यापलीकडे त्याची उदाहरणे सहसा जात नाहीत. मराठी समीक्षेनेही याकोबसनचे काव्यात्म कार्य तेवढे उचलले. शिपायाच्या पत्राला हीच सहा खणांची चौकट लावून पाहिली तर एकेक खण मोडत जातो. प्रेषक एक नाही. सांगणारा आणि लिहिणारा वेगळे आहेत. ग्राहक एक नाही. संदर्भ सांगण्यास बंदी आहे. संदेश, म्हणजे युद्धाची हकीकत, सांगितली तर कापली जाते. संकेतव्यवस्थाही वाकवावी लागते : फ्रान्समधल्या हिंदी सैनिकांच्या पत्रांत हिंदी शिपायांसाठी काळी मिरी आणि गोऱ्यांसाठी लाल मिरची असा उल्लेख होई, आणि तपासनिसांनाही तो कळून चुकला होता. उरतो तो फक्त संपर्क. बाकीची कार्ये बंद पडल्यावर सगळा भार त्या गरीब भावंडावर येतो, आणि ते तो पेलते. 'क्षेम आहे' या दोन शब्दांना येथे पुराव्याचे मोल येते. माणूस जिवंत असल्याची ती नोंद असते.

या ठिकाणी पॉल फसेल याच्या विवेचनाशी तुलना उद्बोधक ठरते. 'द ग्रेट वॉर अँड मॉडर्न मेमरी' या १९७५ च्या ग्रंथात त्याने ब्रिटिश सैनिकांना दिल्या जाणाऱ्या छापील कार्डाचा विचार केला आहे. त्या कार्डावर 'मी ठीक आहे', 'मला इस्पितळात दाखल केले आहे' अशा अर्थाची वाक्ये छापलेली असत. नको असतील ती खोडायची आणि स्वतःचे एक अक्षरही वर लिहायचे नाही. फसेलला त्यात व्यक्तीच्या वाणीचा संकोच आणि विसाव्या शतकातल्या 'फॉर्म' संस्कृतीची नांदी दिसते. त्याचे निरीक्षण बिनतोड आहे, पण ते एका विशिष्ट वाचकसंस्कृतीचे आहे. ज्या समाजात सामान्य सैनिकही शालेय कवितासंग्रह वाचून आलेला होता आणि पत्रात 'स्वतःचे' काही लिहिणे त्याला हक्काचे वाटे, तेथे छापील वाक्य ही लादलेली गोष्ट ठरते. मराठी शिपायाच्या लेखी ठरीव वाक्य बाहेरून आलेलेच नव्हते. ते त्याच्या बापाचे आणि आजाचे वाक्य होते. जात्यावर बसलेली बाई ओवीत भावाला हाक मारते तेव्हा ती हाक शेकडो ओव्यांत तीच असते. तिचा जिव्हाळा त्याने उणावत नाही, कारण हाकेचे तेच असणे हीच ऐकणाऱ्याची खूण असते. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये गोळा केलेल्या ओव्या वाङ्मय म्हणून वाचताना ही ठरीवता समीक्षेला अडचण वाटत नाही. तीच ठरीवता पत्रात आली की ती 'औपचारिकता' होते. हा दुजाभाव तपासून पाहण्याची वेळ आलेली आहे.

शिपायाचे पत्र बापाला किंवा थोरल्या भावाला जाई. बायकोला उद्देशून लिहिण्याची रीत नव्हती आणि तिचे नाव घेण्याचीही नव्हती. 'घरच्या सर्व मंडळींस' या शब्दसमूहात ती असे, आणि ते तिला ठाऊक असे. शाळामास्तर किंवा पोस्टमन पत्र वाचून दाखवी तेव्हा ओसरीवरची माणसे हकीकत ऐकत, आणि दाराआड उभी असलेली ती त्या दोन शब्दांची वाट पाही. कथनमीमांसेच्या परिभाषेत सांगायचे तर प्रकट ग्राहक आणि अभिप्रेत ग्राहक यांची येथे फारकत झालेली आहे. पत्राचा सर्वांत खाजगी भाग त्याच्या सर्वांत सार्वजनिक शब्दांत ठेवलेला आहे. 'मंडळी' हा शब्द मराठीत बायको या अर्थानेही रूढ होता, ही गोष्ट या संदर्भात विसरता येत नाही.

तिच्याकडून उलट काय जाई? टपाल खात्याची मनीऑर्डर १८८० पासून सुरू होती आणि युद्धकाळात फील्ड पोस्ट ऑफिसांतूनही ती करता येई. मनीऑर्डरीच्या फॉर्मला मजकुरासाठी एक लहानसे कूपन असे, ते घेणाऱ्याकडे राही. पैसे मिळाल्याची पोच मात्र सही किंवा अंगठा होऊन पाठवणाऱ्याकडे परत जाई. निरक्षर आईने अथवा बायकोने केलेला तो अंगठ्याचा ठसा लेखनिकाच्या मध्यस्थीवाचून, कोणत्याही मायन्यावाचून समुद्र ओलांडून शिपायाच्या हाती येई. तिच्या बाजूने तेवढीच एक गोष्ट तिच्या स्वतःच्या हाताची होती. त्या ठशाला संहिता म्हणावे की नाही यावर मतभेद होऊ शकेल, पण संपर्काची व्याख्या काटेकोरपणे केली तर त्याहून शुद्ध संपर्क दुसरा दाखवता येणार नाही.

संपर्क तुटणे म्हणजे काय हे कूटने दाखवले. ७ डिसेंबर १९१५ ला सुरू झालेला कूट-अल्-अमाराचा वेढा जवळजवळ पाच महिने चालला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सैन्याने शरणागती पत्करली. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या तिन्ही मराठा पलटणी आत अडकलेल्या होत्या. शरण आलेल्यांची एकूण संख्या, बाजारबुणगे धरून, सुमारे तेरा हजार. पुढची कैद वाळवंटातल्या पायपिटीची आणि रास-अल्-ऐनसारख्या ठिकाणी रेल्वेच्या कामावरची. अनेक जण परतलेच नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. त्यात हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, पण साध्या हिंदी शिपायांचे पलटणवार आकडे तेवढे आले. मुंबईत, माझगावापासून फार लांब नसलेल्या मशीद बंदरच्या खलाशीगृहाच्या आवारात, पहिल्या महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. ज्यांना समुद्राखेरीज थडगे नाही त्यांचे ते आहे. दगडाने ज्या शिपायांना आकड्यात मोजले त्यांची नावे पत्रांच्या खाली मात्र लिहिलेली होती. प्रश्न असा की ती पत्रे आज कोठे आहेत.

उत्तर फारसे सुखाचे नाही. हिंदी सैनिकांच्या पत्रांचा आज उपलब्ध असलेला मोठा साठा म्हणजे फ्रान्समध्ये ई. बी. हॉवेल या आय. सी. एस. अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सुरू झालेल्या तपासणी-कचेरीचे अहवाल. ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डेव्हिड ओमिसी याने १९९९ मध्ये त्यांतली निवडक पत्रे संपादित करून प्रसिद्ध केली आणि पुढच्या बहुतेक अभ्यासाचा पाया तोच झाला. शंतनू दास यांच्या २०१८ च्या ग्रंथाने त्या पायाच्या मर्यादा बऱ्याच स्पष्ट केल्या. अहवालात मूळ पत्रे नाहीत. त्यांचे वेचे आहेत, आणि ते इंग्रजीत आहेत. फ्रान्समध्ये गेलेल्या सैन्यात पंजाब आणि वायव्येकडचा भरणा मोठा होता. मराठी माणूस तेथे मुंबई सॅपर्समध्ये आणि काही थोड्या तुकड्यांत होता. त्याचे मुख्य रणक्षेत्र मेसोपोटेमिया. परिणामी 'हिंदी शिपायाचे पत्र' या नावाने जो वाङ्मयप्रकार अभ्यासात रूढ झाला आहे त्यात मराठी आवाज अगदी क्षीण आहे, आणि जो आहे तोही मराठीत नाही.

अशा वेळी ते वेचे पुन्हा मराठीत आणण्याचा मोह होतो. सातारी बोलीचा थोडा शिडकावा केला की इंग्रजीतला शिपाई मराठी बोलू लागेल, असे वाटते. हा मार्ग टाळावा हे बरे. तपासनिसाने पत्रातून जे उचलले ते त्याला हवे होते म्हणून : सैन्याचे मनोधैर्य, असंतोष, गोऱ्या स्त्रियांविषयीची मते, भरतीविरुद्धचे सल्ले. मायना, क्षेमकुशल, नमस्कार-आशीर्वादांची लांबलचक यादी हे त्याच्या कामाचे नव्हते, ते गळाले. वेच्याचा पुनरनुवाद करणारा आधुनिक लेखक या गाळणीनंतर उरलेल्या पाण्यालाच नदी म्हणून सादर करील. मराठी पत्रसंग्रहांचे संपादकही काही वेगळे करतात असे नाही. मजकूर सुरू होण्यापूर्वी तीन टिंबे देऊन 'नेहमीचा मायना' वगळण्याची प्रथा आपल्याकडे प्रतिष्ठित आहे. सरकारी तपासनीस आणि वाङ्मयीन संपादक या दोघांनी, संपूर्ण भिन्न हेतूंनी, नेमक्या त्याच ओळी कापलेल्या आहेत.

वाङ्मयाने हा अनुभव स्वतंत्रपणे घडवला असता तर गोष्ट निराळी होती. युद्ध आणि समुद्रप्रवास एकत्र आणणारी मराठीतली समर्थ कादंबरी म्हणून विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'चे (१९३९) नाव घेतले जाते आणि ते योग्यच आहे. युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या बोटीवरच ती घडते आणि तिच्यात हेर्टाच्या पत्रांना निर्णायक स्थान आहे. परंतु चक्रधर आणि हेर्टा हे उतारू आहेत. त्यांना एकांत आहे, डेकवर फेऱ्या मारण्याइतकी फुरसत आहे आणि स्वतःच्या हाताने लिहिता येते. हेर्टाचे पत्र एका माणसासाठी लिहिलेले असते आणि तोच ते वाचतो. वर वर्णिलेल्या साखळीत ते अचूक बसते, आणि 'रणांगण'च्या वाट्याला आलेल्या समीक्षेच्या प्रेमात याचाही काही वाटा असावा. गिरणगावच्या शाहिरीने दुसरी बाजू सांभाळली. गावाकडे राहिलेली बायको आणि मुंबईत अडकलेला नवरा यांच्यामधले अंतर अण्णाभाऊ साठे यांच्या 'माझी मैना'ने छक्कडीत बांधले. त्याच तालुक्यांतला, त्याच घरांतला माणूस परळ-लालबागच्या गिरणीत शिरला तर त्याच्या ताटातुटीला शाहीर मिळाला. गोदीतून जहाजावर चढला तर मिळाला नाही. याचे एक कारण उघड आहे : गिरणीकामगाराची चळवळ होती, परक्या सरकारच्या युद्धात पगारासाठी लढलेल्याची कोणी चळवळ करीत नाही. स्वातंत्र्यलढ्याच्या कथनात त्याला जागा नव्हती आणि साम्राज्याच्या कथनात तो आकडा होता.

म्हणून त्याचे पत्र जेथे मूळ मराठीत सापडेल तेथे ते कसे छापावे हा प्रश्न किरकोळ नाही. साताऱ्याजवळचे अपशिंगे, जेथून पहिल्या महायुद्धात गेलेल्या शेहेचाळीस जणांचे स्मारक गावात उभे आहे, किंवा कोकणातली पलटणींना पिढ्यान्‌पिढ्या माणसे देणारी गावे, येथल्या पेट्यांत अशी पत्रे असण्याची शक्यता पूर्ण मावळलेली नाही. ती मिळाल्यास मायना गाळू नये, 'कळावे' नंतरची नावांची यादी त्याच क्रमाने द्यावी, लेखनिकाचे हस्ताक्षर कोठे बदलते ते नोंदवावे, मोडीतला मजकूर बालबोधीत देताना मूळ पानाचे छायाचित्र शेजारी ठेवावे, तपासनिसाची खोड आणि फील्ड पोस्टाचा शिक्का यांनाही संहितेचा भाग मानावे, आणि मनीऑर्डरीचे कूपन अथवा अंगठ्याची पोच सोबत असेल तर ती परिशिष्टात न टाकता पत्राच्या तारखेच्या जागीच छापावी.